पेटी बाहेरची, कलश घरचा

या वेळी इन्शुरन्स आणि टॅक्सच्या पत्रांची चळत बाजूला ठेवली आहे. गेल्या काही महिन्यांत एकाच विषयावरची, इथे अमेरिकेत अंत्यविधी करताना होणाऱ्या खर्चाची आणि नियमांची, चार पत्रं आली, ती एकत्र घेते. हा विषय आपल्या घरांत जेवताना निघत नाही. निघतो तो रात्री अडीच वाजता हॉस्पिटलच्या लॉबीत, आणि तेव्हा कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून आधीच, दिवसाउजेडी.

प्रश्न : माझे सासरे (वय ८४) ओहायोत आमच्याकडे असतात. सध्या घरीच हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा) सुरू आहे. नर्सने सुचवलं म्हणून मी आणि मेहुणा इथल्या एका फ्युनरल होममध्ये (अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारे) जाऊन आलो. आम्हाला दोन तास दर्शन, भटजींकडून विधी आणि मग दहन, एवढंच हवं आहे. तिथल्या गृहस्थांनी थेट कास्केटच्या, म्हणजे शवपेट्यांच्या, खोलीत नेलं. त्यातल्या त्यात साधी वाटलेली लाकडी पेटी २,८९५ डॉलरची निघाली. घरी येऊन पाहिलं तर ऑनलाइन तशीच दिसणारी १,१५० ला. फोन करून विचारलं तर म्हणाले, “खुशाल आणा, पण ४०० डॉलर हँडलिंग पडेल, आणि पेटी येईल तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी इथे हजर राहिलं पाहिजे.” हे बरोबर आहे का? बायको म्हणते, बाबांच्या बाबतीत घासाघीस नको. – एक जावई, ओहायो

उत्तर : जावईबापू, ते ४०० डॉलर विसरा. ते मागणंच बेकायदा आहे.

ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा ‘फ्युनरल रूल’ नावाचा नियम १९८४ पासून लागू आहे. पुढे काहींनी त्यात पळवाट शोधली. बाहेरच्या पेटीला नाही म्हणायचं नाही, पण तिच्यावर एवढा आकार लावायचा की माणूस मुकाट्याने त्यांच्याच खोलीत परत यावा. १९९४ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. आता तुम्ही पेटी किंवा अर्न (अस्थी ठेवायचं भांडं) कुठूनही आणा, फ्युनरल होमला ती नाकारता येत नाही आणि बाहेरून आणली म्हणून वेगळा आकारही लावता येत नाही, मग त्याला हँडलिंग म्हणोत की आणखी काही. पेटी उतरवून घ्यायला तुम्ही हजर राहा, ही अटही घालता येत नाही. नियम देशभराचा आहे, ओहायोसाठी वेगळा नाही.

थेट पेट्यांच्या खोलीत नेलं, ही त्यांची दुसरी चूक. पेट्या दाखवण्याआधी पेट्यांचं दरपत्रक हातात द्यायचं असतं. त्याच्याही आधी, तुम्ही समोर बसून किमतींबद्दल बोलायला लागलात की सगळ्या सेवांचं छापील दरपत्रक द्यायचं असतं, त्याला ‘जनरल प्राइस लिस्ट’ म्हणतात. ती घरी नेता येते. फोनवर विचारलं तर दर सांगावे लागतात, नाव-पत्ता न देता विचारलं तरी. कमिशनची माणसं स्वतः ग्राहक बनून फोन करतात. जानेवारी २०२४ मध्ये अशीच २५० हून अधिक फ्युनरल होम्सना फोन करून त्यांनी ३९ जणांना इशाऱ्याची पत्रं धाडली.

पण भांडायला जाऊ नका. उद्या बाबांना त्यांच्याच हाती सोपवायचं आहे. फोन करून शांतपणे एवढंच विचारा, “फ्युनरल रूलप्रमाणे ही फी घेता येते का, जरा बघून सांगाल?” एका मैत्रिणीसाठी मी नेमकं हेच विचारलं होतं. पलीकडे चार सेकंद कोणी बोलेना. मग, “मॅनेजरशी बोलून कळवतो.” दहा मिनिटांत फी गायब झाली आणि आवाजही गोड झाला. तुमच्याकडे तसं झालं नाही तर दुसरं फ्युनरल होम बघा. हॉस्पिस सुरू आहे म्हणजे अजून तुमच्या हाताशी दिवस आहेत, आणि या व्यवहारात त्याहून मोठी सवलत नाही.

आता मला तुम्हाला उलट विचारायचंय. दहन करायचं आहे, तर पेटी विकत कशाला घेताय?

माझे यजमान २००८ च्या फेब्रुवारीत गेले. मी आणि माझे धाकटे दीर असेच एका खोलीत उभे होतो. दारातून शिरताच समोर दिवा सोडलेल्या तीन भारी पेट्या, मधल्या किमतीच्या उजवीकडे, आणि स्वस्तातली एकच, कोपऱ्यात, राखाडी कापड चिकटवलेली. तिचा रंग इतका उदास होता की तिच्यात कोणालाच ठेवावंसं वाटू नये. दीर म्हणाले, “वहिनी, शेवटचं आहे.” आम्ही मेपलची घेतली. ३,७४० डॉलर. सकाळी दहाला तिचं झाकण उघडलं आणि दुपारी तीनला ती त्यांच्याबरोबर जळून गेली. मी आयुष्यभर लोकांची टॅक्स रिटर्न्स भरली, वीस डॉलरच्या पावतीसाठी क्लायंटला तीनदा फोन करणारी बाई. त्या बिलावर मी आकडासुद्धा न वाचता सही केली. वाचला तो सहा महिन्यांनी, फायली लावताना. (अंत्यविधीचा खर्च आपल्या इन्कम टॅक्समधून वजा होत नाही, हेही इथेच सांगून टाकते. दरवर्षी कोणीतरी विचारतंच.)

माझ्या सासूबाई त्या दिवशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पोटचा मुलगा गेलेला. पंधरा-वीस दिवसांनी चहा घेताना एकदम म्हणाल्या, “लाकूड चांगलं होतं गं. कपाट झालं असतं.” आणि मग, “मला खोक्यात घाल. पण नऊवारी नीट नेसव. काष्टा सुटायला नको.”

त्या २०१५ मध्ये गेल्या, ९१ व्या वर्षी. मी त्यांना खोक्यातच घातलं. या खोक्याला दरपत्रकात ‘ऑल्टरनेटिव्ह कंटेनर’ म्हणतात. जाड पुठ्ठा, दाबलेलं लाकूड किंवा साधं बिनरंगी लाकूड. दर्शन वगैरे न करता थेट दहन करून देणाऱ्या प्रत्येक फ्युनरल होमला ते उपलब्ध ठेवावंच लागतं, आणि अशा दहनाला कायद्याने कास्केट लागतं असं सांगायला मनाई आहे. क्रिमेटरीला, म्हणजे दहनगृहाला, हवं असतं ते एवढंच की खोकं उचलताना वाकू नये आणि नीट जळावं. आमचं १४५ डॉलरचं होतं. आत पांढरी चादर, त्यांनीच शिवलेली सुती गोधडी कडेवरून खाली सोडलेली, वर झेंडूच्या माळा. आलेल्या माणसांपैकी कोणालाही पुठ्ठा दिसला नाही. नऊवारी मी आणि माझ्या जावेने नेसवली. काष्टा सुटला नाही.

दर्शनासाठी असं खोकं आम्ही ठेवू देत नाही, असं काही फ्युनरल होम्स म्हणतात. मग भाड्याच्या कास्केटचं विचारा. बाहेरून ती नेहमीची लाकडी पेटी असते, पण आत सुटं खोकं सरकवलेलं असतं. दर्शन झालं की ते बाहेर काढून दहनाला नेतात, पेटी तिथेच राहते. पुढच्या माणसासाठी आत नवं खोकं आणि नवं अस्तर. तुमच्या दोन तासांच्या दर्शनाला मला हेच सरळ वाटतं. भाडं दरपत्रकात असतं. नसेल तर मागा.

आणि हो, बाबांना पेसमेकर असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. दहनाआधी तो काढावा लागतो, बॅटरीचा स्फोट होतो. विधीतलं नारळ, तुपाची बाटली, यातलं काय आत जाऊ शकतं तेही आधी विचारून घ्या. आमच्या भटजींनी तूप कापसाच्या वातींना लावून आणलं होतं, त्याला कोणाची हरकत नव्हती.

एवढं करूनही पेटीच हवी असेल, तर बाहेरून घ्या, काही बिघडत नाही. कॉस्टको, वॉलमार्ट, ॲमेझॉन, सगळीकडे पेट्या मिळतात, टॉयलेट पेपर मिळतो त्याच संकेतस्थळावर. लुईझियानातल्या सेंट जोसेफ ॲबीचे बेनेडिक्टाइन साधू सायप्रसच्या साध्या पेट्या बनवतात. कतरिना वादळात त्यांच्या रानातली झाडं कोसळली, त्यानंतर त्यांनी हा उद्योग सुरू केला. पेटी तेव्हा १,५०० आणि २,००० डॉलरला. राज्याच्या फ्युनरल बोर्डाने अडवलं, की परवानाधारक फ्युनरल डायरेक्टरशिवाय कोणी पेटी विकायची नाही. साधू कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये फेडरल अपील कोर्टात जिंकले. धंदेवाल्यांची कमाई सांभाळण्यापलीकडे त्या बंदीला काही अर्थ नाही, असं कोर्टाला दिसलं. ही बंधनं विकणाऱ्यावर होती बरं का. तुमच्यासारख्या घेणाऱ्याचा हक्क त्याने कमी होत नाही.

मागवताना फोटोला भुलू नका. ‘तशीच दिसणारी’ असं तुम्ही लिहिलंय, तिथे मी थबकले. एक पेटी भरीव लाकडाची असते, दुसरी दाबलेल्या लाकडावर पातळ पापुद्रा चिकटवलेली, आणि फोटोत दोन्ही बहिणी दिसतात. दहनाला धातूची घेऊच नका, बहुतेक क्रिमेटरी ती घेत नाहीत. आतली लांबी-रुंदी बघा, बाहेरची रुंदीही बघा, आणि ती फोनवर क्रिमेटरीला कळवा. डिलिव्हरी फ्युनरल होमच्या दारापर्यंत आहे की विमानतळाच्या मालधक्क्यापर्यंत, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला पेटी आणायला भाड्याची व्हॅन घेऊन कार्गो टर्मिनलला जावं लागलं होतं, आदल्या रात्री. फ्युनरल होमला पोचण्याची तारीख आणि वेळ लेखी कळवा आणि उघडल्यावर ओरखडा-पोचा दिसला तर फोटो पाठवा म्हणावं. परतीच्या अटी नीट वाचा. फ्युनरल रूल अंत्यविधीची सेवा देणाऱ्याला लागू आहे, नुसत्या पेट्या विकणाऱ्या दुकानाला नाही. तिथे काही बिनसलं तर तुमचा वाद साधा गिऱ्हाइकाचा.

आणि बेरीज शेवटच्या ओळीची करा. पेटीच्या किमतीतला फरक म्हणजे तुमची बचत, असं होत नाही. फ्युनरल होमचं ‘बेसिक सर्व्हिसेस फी’ नावाचं एक शुल्क असतं, ते तुम्हाला नाकारता येत नाही. शिवाय पॅकेज असतं : आमची पेटी घेतलीत तर सगळ्या सेवांवर इतकी सूट. ती सूट खरी असेल तर कायद्यात बसते. बाहेरची पेटी आणली की पॅकेज जातं, सुटे दर लागतात, आणि १,७४५ ची बचत कधी सातशेवर येते, कधी शून्यावर. तीन कागद घ्या. एकावर त्यांचं पॅकेज, दुसऱ्यावर सुटे दर अधिक तुमची पेटी अधिक तिची डिलिव्हरी. तिसऱ्या कागदावर सुटे दर अधिक भाड्याची पेटी. अंदाजासाठी सांगते, नॅशनल फ्युनरल डायरेक्टर्स असोसिएशनच्या २०२३ च्या पाहणीत दर्शनासह दफनाचा मध्यक खर्च (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ८,३०० डॉलर होता आणि दर्शनासह दहनाचा ६,२८०. तुमचा आकडा त्याच्या फार वर जात असेल तर कुठे जातोय ते ओळीओळीने विचारा. शेवटी मिळणाऱ्या लेखी हिशेबात प्रत्येक बाब वेगळी दाखवणं त्यांना बंधनकारक आहे.

राहिली तुमच्या मिसेसची गोष्ट. त्यांना घासाघीस नकोय, ते मी समजू शकते; मीसुद्धा केली नव्हती. पण हे बोलणं त्यांच्यासमोर करू नका आणि त्यांना त्या खोलीत नेऊही नका. तुम्ही आणि मेहुणेही नका जाऊ, खरं तर. ज्याला सासऱ्यांबद्दल आदर आहे पण ज्याचे डोळे भरून येणार नाहीत असा एखादा मित्र पाठवा, दरपत्रक घेऊन यायला.

प्रश्न : वडील गेल्या महिन्यात गेले. दहन झालं, अस्थी अजून फ्युनरल होमकडेच आहेत. त्यांच्याकडचे अर्न २९५ पासून ९०० डॉलरपर्यंत आहेत. आमच्याकडे आईचा जुना तांब्याचा कलश आहे, तो दिला तर चालेल का? पुढे नाशिकला रामकुंडावर विसर्जन करायचंय, विमानात तोच कलश हातात घेऊन जायचा विचार आहे. – एक लेक, टेक्सस

उत्तर : कलश द्यायला काहीच हरकत नाही. पेटीचा जो नियम तोच कलशाचा. घरचं कोणतंही भांडं त्यांना नाकारता येत नाही. पण त्याआधी दोन गोष्टी.

एक, माप. इथल्या अस्थी म्हणजे आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राखेतून वेचून मडक्यात ठेवतात तेवढ्या मूठभर नव्हेत. इथे क्रिमेटरीत हाडं यंत्रातून बारीक करून सगळीच्या सगळी परत देतात. पिशवी हातात घेतली की आधी वजनानेच दचकायला होतं, साधारण दोन ते तीन किलो, रंगाने करडी-पांढरी, वाळूसारखी भरड. अर्न विकणाऱ्यांचा ठोकताळा असा की जिवंतपणीच्या वजनाच्या प्रत्येक पौंडाला एक घनइंच जागा. म्हणून मोठ्यांचा अर्न २०० घनइंचांचा असतो. आपल्या भाषेत सव्वातीन लिटर. इथल्या मोजायच्या कपाने कलशात तांदूळ भरून बघा, चौदा कप मावले तर ठीक. पूजेचा नेहमीचा कलश यात बसणार नाही, सांगून ठेवते. माझ्याकडचा भरून पाहिला तर जेमतेम पाच कपांत तोंडाशी आला. उरलेलं मग दुसऱ्या डब्यात.

दोन, विमान. तांबं, पितळ, चांदी, यातून क्ष-किरण आरपार जात नाहीत. विमानतळावर सुरक्षा तपासणी करणाऱ्या टीएसएच्या माणसांना आत काय आहे ते यंत्रात दिसलं नाही तर ते कलश पुढे जाऊ देत नाहीत, आणि मृताचा मान म्हणून ते झाकणही उघडत नाहीत, तुम्ही स्वतः “उघडा” म्हटलं तरी. म्हणजे तुम्ही, कलश आणि रांगेत मागे उभी असलेली माणसं, सगळे अडकलात. प्रवासासाठी लाकडाचं किंवा प्लॅस्टिकचं हलकं भांडं घ्या. फ्युनरल होम अस्थी देतं त्या प्लॅस्टिकच्या साध्या डब्याने काम भागतं. त्याला ते ‘टेम्पररी कंटेनर’ म्हणतात, आणि २९५ चा अर्न समोर ठेवताना त्याची आठवण सहसा होत नाही. तो मागा. तांब्याचा कलश रिकामा, बॅगेत कपड्यांत गुंडाळून न्या आणि नाशिकला पोचल्यावर त्यात अस्थी भरा. मी यजमानांच्या वेळी असंच केलं. डबा एका सुती झोळीत घालून मांडीवर धरला होता, शेजारच्या प्रवाशाला वाटलं जेवणाचा आहे.

अस्थी हातसामानात ठेवा. चेक-इन बॅगेत काही एअरलाइन्स घेत नाहीत, आणि बॅगा हरवतात हे मी तुम्हाला सांगायला नको. बरोबर मृत्यूचा दाखला, क्रिमेशनचा दाखला आणि भारतीय वाणिज्य दूतावासाचं अस्थी नेण्याबद्दलचं पत्र ठेवा. पत्रासाठी वडिलांचा पासपोर्टही लागेल, तो कुठे आहे ते आजच बघा. डब्यावर फ्युनरल होमची चिकटपट्टी असते, नाव आणि क्रमांकाची. ती काढू नका.

डबा उघडाल तेव्हा आत जाड प्लॅस्टिकची पिशवी असेल आणि बहुधा तिच्याबरोबर धातूची एक छोटी गोल चकती, क्रमांक कोरलेली. दहनाच्या वेळी ओळख पटावी म्हणून ती बरोबरच ठेवलेली असते. विसर्जनाआधी ती बाजूला काढा. आणि पिशवी गोदावरीत सोडू नका. हे सांगावं लागतंय, कारण मी रामकुंडावर ते पाहिलं आहे.

भावंडांपैकी कोणी दुसऱ्या राज्यात असेल आणि अस्थींचा वाटा पोस्टाने पाठवायचा असेल, तर तो फक्त अमेरिकेच्या सरकारी टपालाने जातो. फेडेक्स, यूपीएस घेत नाहीत. मार्च २०२५ पासून टपाल खात्याचा त्यासाठीचा खास खोकाच वापरावा लागतो, आणि पाठवायचं ते प्रायॉरिटी मेल एक्स्प्रेसने. कोणी इथेच समुद्रात सोडू म्हणत असेल, तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आत जावं लागतं आणि तीस दिवसांच्या आत पर्यावरण संस्थेला, म्हणजे ईपीएला, कळवावं लागतं. फुलं चालतात, प्लॅस्टिकची नाही.

आणखी एक, कायद्यातलं नसलेलं. तो तांब्याचा कलश तुमच्या आईचा आहे. अस्थी ठेवलेला कलश पुन्हा देवघरात येत नाही, बहुतेक घरांत तरी. आईला विचारलंत का? माझ्या एका मैत्रिणीने न विचारता नेला, आणि वडिलांच्या वर्षश्राद्धापर्यंत घरात त्या कलशावरूनच बोलणं चाललं होतं.

प्रश्न : आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरचे, आता शिकागोजवळ. आमच्यात दफन असतं. बाहेरून पेटी घेतली तर स्मशानभूमीवाले अडवतील का? ते वॉल्ट घ्याच म्हणतात, कायदा आहे म्हणे. शिवाय ‘सीलबंद’ पेटी घ्या, शरीर टिकतं, असंही एकाने सांगितलं. – एक वाचक, इलिनॉय

उत्तर : शेवटापासून सुरू करते. सीलबंद म्हणजे झाकणाला रबराची पट्टी. तुमच्या प्रेशर कुकरला असते तशीच, पण किंमत कित्येक पट. तिने बाहेरचं पाणी आणि माती काही काळ आत यायची थांबते. शरीर कायमचं टिकत नाही. पेटीने किंवा वॉल्टने शरीर दीर्घकाळ टिकतं, असं सांगण्यालाच फ्युनरल रूलमध्ये मनाई आहे. ज्याने सांगितलं तो फ्युनरल होमचा माणूस असेल तर त्याच्याकडून हे लेखी मागा, लगेच विषय बदलेल.

वॉल्ट म्हणजे खड्ड्यात पेटीभोवती बसवायचं काँक्रीटचं आवरण. तशी सक्ती राज्याच्या कायद्यात नसते, बहुतेक स्मशानभूमींच्या स्वतःच्या नियमांत असते. कारण साधं आहे. काही वर्षांनी पेटी खचते, वरची माती बसते आणि गवत कापायचं यंत्र खड्ड्यात जातं. म्हणजे ‘कायदा आहे’ हे चूक, पण वॉल्ट लागेल हे बहुधा खरं. तरी फरक करा. ‘ग्रेव्ह लायनर’ हे साधं आवरण त्याहून स्वस्त असतं आणि पुष्कळ ठिकाणी तेवढं पुरतं. आणि तेही बाहेरून घेता येतं का ते विचारा.

इथे एक खाच आहे. नुसती जागा आणि दफन विकणाऱ्या स्मशानभूमीला फ्युनरल रूल लागू होत नाही. जावईबापूंना मी सांगितलेला हँडलिंग फीचा नियम तुम्हाला फ्युनरल होममध्ये उपयोगी पडेल, स्मशानभूमीच्या ऑफिसात नाही. म्हणून जागा घेण्याआधी त्यांची नियमावली मागून घ्या, आणि बाहेरचा लायनर, बाहेरचा दगड आणला तर काय आकार पडतो ते त्यात शोधा. बाहेरच्या पेटीला अडचण येते ती मापाची. नेहमीपेक्षा रुंद पेटी असेल तर लायनर मोठा लागतो, कधी जागाही. ऑर्डर देण्याआधी पेटीची बाहेरची रुंदी त्यांना सांगून होकार घ्या.

प्रश्न : वय ७८, फ्लोरिडा. मुलीवर भार नको म्हणून पेटी आत्ताच स्वस्तात घेऊन गॅरेजमध्ये ठेवावी का? सेल चालू आहे.

उत्तर : काका, नको. कायदा अडवणार नाही, पण फ्लोरिडाच्या दमटपणात लाकूड फुगेल, उद्या तुम्ही मुलीकडे राहायला गेलात तर पेटी कशी नेणार, आणि गॅरेज उघडणाऱ्या प्रत्येकाला ती समजावून सांगावी लागेल. तुम्हाला दहन हवं असेल तर वरचं पहिलं उत्तर पुन्हा वाचा, पेटी लागतच नाही.

त्याऐवजी तीन फ्युनरल होम्सची दरपत्रकं मागवा, जे हवं त्यावर पेनाने खूण करा, नको त्यावर काट मारा. तारीख घाला, सही करा. तो कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर उघडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. पासपोर्टच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि आज संध्याकाळी मुलीला फोन करून सांगा, वरून दुसरा.